गेमिंगसाठी हेडफोन, माईक, साउंड कार्ड: वर्षभर वापरून मग लिहितोय

माझ्याकडे आधी ७.१ (म्हणजे आठ स्पीकरसारखा चहूबाजूंनी आवाज) लिहिलेला, रंगीत लाईटवाला गेमिंग हेडसेट होता, आठ महिन्यांत त्याचा डावीकडचा सांधा तुटला आणि सर्व्हिस सेंटरवाल्यांनी 'हे वॉरंटीत बसत नाही' म्हणून तसाच परत दिला. माईक चांगला चालू होता पण तोही गेला ना त्याच्याबरोबर. तेव्हाच ठरवलं, हेडफोन वेगळा आणि माईक वेगळा घ्यायचा.

हेडफोन घेतला सेनहायझर एचडी ५६०एस. २०२० चं मॉडेल, ओपन बॅक, म्हणजे कपांना बाहेरून जाळी असते आणि आवाज आत कोंडत नाही. व्हॅलोरंट या शूटिंग गेममध्ये पहिल्याच दिवशी फरक कळला, समोरचा खेळाडू नुसता डावीकडे आहे असं नाही तर डावीकडे मागे, भिंतीला लागून येतोय हे ऐकू येतं. मित्र विचारतात यात ७.१ नाही मग कसं काय? अरे कान दोनच आहेत! आवाज एका कानाला मिलिसेकंदाहूनही कमी वेळ आधी पोचतो, कानाच्या पाळीमुळे त्याचा पोत जरा बदलतो, तेवढ्यावरून मेंदू दिशा ओळखतो आणि हाच हिशोब गेम स्वतः करून देतो, त्याला एचआरटीएफ म्हणतात. ऑडिओ सेटिंगमध्ये ते ऑन करा आणि विंडोजचं स्पेशिअल साउंड, हेडसेटच्या सॉफ्टवेअरचं ७.१ वगैरे सगळं बंद करा, दोन्ही चालू राहिलं तर पावलं विहिरीतून आल्यासारखी घुमतात.

वजन साधारण २४० ग्रॅम, पॅड मखमली कापडाचे, पुण्याच्या एप्रिलमध्येसुद्धा कान घामाने चिकटले नाहीत. पहिले दोन आठवडे डोक्याला घट्ट बसतो, नंतर सैल होतो. बेस मात्र कमीच आहे, ढोल-ताशा ऐकायला घेत असाल तर छातीत धडकणार नाही. वायर ३ मीटर, पिन जाडी ६.३ मिमीची, बॉक्समध्ये बारीक पिनचा अडॅप्टर येतो पण तो एवढा लांब की जॅकवर ताण पडतो, मी वायरवाला आखूड अडॅप्टर वेगळा घेतला.

माईकचं आपल्याकडे गणितच वेगळं. डोक्यावर पंखा, स्वयंपाकघरात कुकर, खाली रिक्षा. कंडेन्सर प्रकारचा, जास्त संवेदनशील माईक हे सगळं उचलतो, म्हणून डायनॅमिक प्रकारचा घ्या, तो मुख्यतः जवळचाच आवाज घेतो. माझा सॅमसन क्यू२यू, यूएसबीवर थेट चालतो आणि एक्सएलआर (स्टुडिओतली तीन पिनांची जोडणी) पण आहे, म्हणजे पुढे ऑडिओ इंटरफेस, म्हणजे असा माईक पीसीला जोडणारा डबा, घेतला तरी हाच चालेल. तोंडापासून चार बोटांवर ठेवायचा, जरा तिरका, नाहीतर 'प' आणि 'फ' फुटतात. टेबलावरच्या स्टँडवर ठेवला की कीबोर्डची ठकठक टेबलातून चढते, त्यामुळे क्लॅम्पवाला आर्म घ्याच.

साउंड कार्ड, म्हणजे पीसीत आवाजासाठी बसवायचं वेगळं कार्ड, लगेच घेऊ नका. एक काळ होता जेव्हा ते खरंच लागायचं, दादाच्या पीसीत पीसीआय स्लॉटवालं साउंड ब्लास्टर होतं, गेममधला थ्रीडी आवाज कार्डच करायचं. विंडोज व्हिस्टामध्ये मायक्रोसॉफ्टने डायरेक्टसाउंडचा (गेमचा आवाज हाताळणारा विंडोजचा भाग) थेट कार्डापर्यंत जाणारा रस्ताच काढून टाकला, आता हे काम प्रोसेसर आरामात करतो. आज प्रश्न फक्त दोन, खरखर येते का आणि आवाज पुरतो का. हेडफोन आधी मागच्या जॅकला लावून बघा, पुढच्या जॅकची वायर कॅबिनेटमधून ग्राफिक्स कार्डाच्या आसपास फिरते आणि बहुतेक वेळा गडबड तिथेच असते. माझ्याकडे मागेही गेम सुरू झाला की बारीक किर्रर्र यायची, म्हणून ॲपलचा टाइप-सी टू ३.५ मिमी डोंगल (हेडफोनची पिन यूएसबीला जोडणारा छोटा अडॅप्टर) घेतला, विंडोजवर लावला की चालतो. किर्रर्र पूर्ण गेली. हेडफोन १२० ओहमचा आहे (ओहम जास्त तर वाजवायला व्होल्टेज जास्त लागतं) म्हणून मला धाकधूक होती, पण हा डोंगल १ व्होल्ट देतो आणि १ व्होल्टला ५६०एस ११० डीबीपर्यंत जातो, मी निम्म्यावरही जात नाही. युरोपातून कोणी हा डोंगल आणून देत असेल तर मात्र नको, तिकडच्या मॉडेलचा आवाज मुद्दाम कमी ठेवलेला असतो.

ओपन बॅकचा खरा त्रास घरात. बाहेर सगळं ऐकू जातं आणि बाजूच्या खोलीतली सिरियल आत येते. हॉस्टेलवर किंवा एकाच खोलीत सगळे असाल तर क्लोज्ड बॅकच (बंद कपांचा) घ्या, ऑडिओ-टेक्निका एम४०एक्स बघा, ३५ ओहमचा आहे, मदरबोर्डच्या जॅकवर सहज वाजतो.