पडीक वास्तूंच्या रात्रीच्या छायाचित्रणासाठी रंग बदलणारी टॉर्च : काही महिन्यांच्या वापरानंतर

पडीक इमारतींचे रात्री लाइट पेंटिंग (कॅमेऱ्याचे शटर बराच वेळ उघडे ठेवून हातातल्या दिव्याने दृश्य उजळणे) करण्यासाठी गेले काही महिने मी हातात धरायची एकच एलईडी टॉर्च वापरत आहे. रंगछटा, रंगाचा गडदपणा आणि प्रकाशाची तीव्रता यांसाठी तिच्यावर तीन स्वतंत्र फिरती बटणे आहेत. आत १८६५० आकाराची, बदलता येणारी लिथियम बॅटरी आहे आणि दाबून धरला असेपर्यंतच प्रकाश देणारा एक खटका आहे. यापूर्वी साध्या पांढऱ्या टॉर्चवर रंगीत जिलेटिन (पारदर्शक रंगीत पापुद्रा) लावून मी हेच काम करत असे, त्यामुळे पुढील मते त्या दोन पद्धतींच्या तुलनेतून बनलेली आहेत.

हा अभिप्राय कोणत्या कामाबद्दल आहे, ते आधी सांगायला हवे. लाइट पेंटिंग म्हटले की बहुतेकांना हवेत काढलेल्या प्रकाशरेषा आठवतात. १९४९ साली ज्यॉन मिली यांनी पिकासोची जी छायाचित्रे काढली, ती याच प्रकारची. त्या प्रकारात दिवा लेन्सला दिसलाच पाहिजे. वास्तूचे लाइट पेंटिंग करताना मात्र दिवा दिसता कामा नये आणि त्याचा उजेड तेवढा भिंतीवर, छतावर, जिन्यावर पडला पाहिजे. बाजारातल्या बहुतेक रंगीत टॉर्च पहिला प्रकार डोळ्यांसमोर ठेवून बनवलेल्या असतात आणि त्यांची जाहिरातही लख्खपणावर भर देते.

पडक्या खोलीत हा लख्खपणा अडचणीचाच ठरतो. पौर्णिमेच्या चांदण्यात उघड्यावरच्या इमारतीला आयएसओ १०० (सेन्सरची संवेदनशीलता) आणि एफ/८ (लेन्सच्या छिद्राचा आकार) वर साधारण चार मिनिटांचे एक्स्पोजर लागते, म्हणजे शटर तेवढा वेळ उघडे ठेवावे लागते. (अर्धा चंद्र निम्मा उजेड देईल, असे गृहीत धरू नये, तो पूर्ण चंद्राच्या जेमतेम एक-दशांश उजेड देतो.) छायाचित्रातला सगळा उजेड इतका मंद असताना हजार ल्युमेनची (ल्युमेन हे उजेडाचे एकक) टॉर्च लहानशा खोलीत फिरवली, तर दोन-तीन सेकंदांत जवळच्या भिंतीचा तपशील जळून जातो, म्हणजे अति उजेडाने पुसला जातो. दोन सेकंदांच्या कामात एका सेकंदाची चूक निम्म्याची होते, वीस सेकंदांच्या कामात तीच चूक नगण्य ठरते. म्हणूनच टॉर्चची तीव्रता किती खाली उतरते, हे मी सर्वांत आधी पाहतो. माझी टॉर्च इतकी मंद करता येते की वीस-पंचवीस सेकंद सावकाश भिंतीवरून फिरवूनही उजेड मर्यादेत राहतो, हाताची थरथर त्या काळात विरून जाते आणि भिंतीवर ढगासारखे डाग पडत नाहीत.

तितकाच महत्त्वाचा दुसरा गुण म्हणजे उजेडाचा सारखेपणा. लिथियम बॅटरी पूर्ण भरलेली असताना ४.२ व्होल्टला असते आणि वापरागणिक उतरत जाते. ज्या टॉर्चमध्ये विद्युतप्रवाह स्थिर राखणारे सर्किट नसते, तिचा उजेड बॅटरीबरोबर हळूहळू मंदावतो. शिवाय बऱ्याच प्रखर टॉर्च तापल्यावर काही मिनिटांतच स्वतःहून तीव्रता घटवतात. डोळ्याला हा फरक कळत नाही, पण लागोपाठच्या दोन फ्रेम शेजारी ठेवल्या की लगेच दिसतो. मी सेकंद मनात मोजतो. पहिली फ्रेम अधिक उजळ आली, तर पुढच्या वेळी पंधराऐवजी बारा मोजतो. टॉर्चने दोन्ही वेळा अगदी तेवढाच उजेड दिला, तरच या मोजण्याला अर्थ आहे. या बाबतीत माझी टॉर्च बॅटरी जवळजवळ संपेपर्यंत विश्वासू राहिली आहे, आणि ती मला आवडण्याचे मुख्य कारण हेच आहे.

याचा सर्वाधिक फायदा पोपडे सुटलेल्या भिंतींवर होतो. कॅमेऱ्याच्या बाजूने उजेड टाकला, तर गिलावा सपाट दिसतो. भिंतीला जवळजवळ चिकटून उभे राहायचे, टॉर्च भिंतीपासून वीतभर अंतरावर धरायची आणि झोत भिंतीला समांतर सोडायचा. मग रंगाच्या सुटलेल्या प्रत्येक पोपड्यामागे त्याची स्वतःची सावली पडते आणि विटांमधले सांधेही उठून दिसतात. अशा वेळी जवळचा भाग उजेडाने फार लवकर भरतो. अंतर दुप्पट झाले की उजेड एक-चतुर्थांश होत असल्यामुळे झोत भिंतीच्या दूरच्या टोकावर बराच जास्त वेळ रोखून धरावा लागतो. मी टॉर्चपुढे काळ्या पुठ्ठ्याची नळी लावतो, त्यामुळे झोताच्या कडेचा उजेड जमिनीवर सांडत नाही.

रंगांबद्दल अनुभव संमिश्र आहे. जिलेटिन बदलण्याची अंधारातली खटपट वाचते, हे खरेच मोठे सुख आहे. परंतु शुद्ध लाल रंग फार जपून वापरावा लागतो. अंधाराला सरावलेल्या डोळ्याला लाल उजेड आहे त्यापेक्षा मंद वाटतो, म्हणून हात तो जास्त देतो. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर लाल रंग टिपणारे बिंदू चारांत एकच असतात, आणि उजेड पूर्ण लाल असेल तर सगळा तपशील त्या बिंदूंवरच अवलंबून राहतो. तो भाग एकदा जळाला, की विटांची भिंत नुसता लाल पट्टा होऊन जाते. त्यामुळे मी गडदपणाचे बटण पाऊण भागाच्या पुढे नेत नाही आणि एकत्रित हिस्टोग्रामऐवजी (कॅमेऱ्यातला उजेडाच्या वाटणीचा आलेख) लाल रंगाचा हिस्टोग्राम वेगळा पाहतो.

माझी खरी तक्रार पांढऱ्या रंगाविषयी आहे. लाल, हिरवा आणि निळा मिसळून तयार झालेला पांढरा डोळ्याला पांढरा दिसतो, पण त्यात मधल्या तरंगलांबींचा उजेड कमी असतो, त्यामुळे गंज, जुने लाकूड आणि भाजलेल्या विटा छायाचित्रात निर्जीव दिसतात. नैसर्गिक रंग हवा असेल तेव्हा मी वेगळी, ९० पेक्षा अधिक सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा १०० पर्यंतचा निर्देशांक) असलेली पिवळसर पांढरी टॉर्च वापरतो आणि व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याने कोणता उजेड पांढरा मानायचा ते ठरवणारी मांडणी) ३२०० ते ४००० केल्व्हिनच्या दरम्यान ठेवतो. त्या मर्यादेत चांदण्याला हलकी निळसर झाक राहते आणि आतला उजेड उबदार वाटतो. चांगल्या पांढऱ्या प्रकाशासाठी या टॉर्चमध्ये चौथा एलईडी द्यायला हवा होता.

दोन लहान दोष लवकर लक्षात येतात. टॉर्चच्या मागच्या बाजूचा चिमुकला निर्देशक दिवा सतत चालू असतो, आणि मी फ्रेममधून चालत गेलो की त्याची बारीक हिरवी रेघ उमटते. त्यावर काळी चिकटपट्टी लावणे हाच उपाय आहे. दुसरा दोष असा, की तीव्रता कमी केल्यावर एलईडी वेगाने चालू-बंद होत असतो. भिंतीवर ते जाणवत नाही, पण खिडकीत फुटकी काच शिल्लक असेल, तर टॉर्चचे प्रतिबिंब तिच्यावर तुटक ठिपक्यांच्या ओळीसारखे उमटते. काच दिसली की मी आता लेन्स आणि काच यांच्या मध्ये शरीर येईल असा उभा राहतो.

मालकाची परवानगी आणि दिवसाउजेडी केलेली पाहणी यांवाचून अशा जागी जाऊ नये, हे टॉर्चच्या अभिप्रायातही सांगणे मला आवश्यक वाटते. कुजलेली फळी टॉर्चच्या रंगीत उजेडात ओळखू येत नाही, म्हणून चालण्यासाठी डोक्याला वेगळा दिवा हवाच. आत वटवाघळे किंवा घुबडे वस्तीला असतील, तर मी ती खोली सोडून देतो. स्टील वूल (पोलादाच्या बारीक तंतूंचा गुंता) पेटवून ठिणग्या उडवण्याचा प्रकार लाकडी तुळया असलेल्या वास्तूत तर अजिबात करू नये.

थंडीत बॅटरीची क्षमता घटते, तेव्हा जादा बॅटरी आतल्या खिशात ठेवलेली बरी. बॅटरी बदलण्यासाठी मागचे झाकण हातमोजे घालूनही फिरवता येते, आणि बदलल्यानंतर बटणे जिथे होती तिथेच राहत असल्याने अर्धवट राहिलेली मालिका त्याच रंगात, त्याच तीव्रतेने पुढे चालू ठेवता येते. साठवलेले रंग बोटांनी निवडायला लावणाऱ्या, पडदा असलेल्या टॉर्चपेक्षा ही फिरती बटणे मला म्हणूनच अधिक सोयीची वाटतात.