फिरतं पॅनेल की सातवं पॅनेल? नागपूरच्या गच्चीवरचा हिशेब

नागपुरात राहून एवढं ऊन वाया जाताना पाहिलं, की सोलर पॅनेल सूर्यामागे फिरवावंसं वाटतंच. मीही एका पॅनेलवर तो खटाटोप केलाय. तरी घरासाठी विचाराल तर माझं मत पक्क्या बसवलेल्या संचाकडेच झुकतं.

दक्षिणेकडे साधारण २१ अंश कलवून बसवलेलं पॅनेल दुपारी भरात असतं. सकाळ-संध्याकाळ त्याला तिरपं ऊन मिळतं. पूर्व-पश्चिम फिरणारं पॅनेल तीच कसर भरून काढतं आणि वर्षाकाठी १५ ते २५ टक्के जास्त वीज देतं. पावसाळ्यात आभाळ भरलं की हा फायदा जवळपास संपतो. महाल-इतवारीसारख्या दाट वस्तीत तर सकाळ-संध्याकाळचं ऊन शेजारच्या भिंतीच अडवतात.

आता ३ किलोवॅटचा संच घ्या: ५४० वॉटची ६ पॅनेलं, रोज सरासरी १२ युनिट. फिरवून २० टक्के वाढले तर २.४ युनिट. सातवं पॅनेल जागचं न हलता दोनेक युनिट देतं, आणि त्याला ना मोटार लागते ना बेअरिंग. फक्त ते इन्व्हर्टरला झेपतं का आणि नेट मीटरिंगच्या (जास्तीची वीज ग्रिडला देऊन बिलात वळती करण्याच्या) मंजुरीत बसतं का, हे आधी पाहा. पीएम सूर्यघर या केंद्राच्या योजनेचं अनुदानही (३ किलोवॅटला ७८,००० रुपये) क्षमतेवर ठरतं, पॅनेल फिरण्यावर नाही. गच्ची लहान म्हणून फिरतं घ्यावं, तर तेही जमत नाही. एकाची सावली दुसऱ्यावर पडू नये म्हणून त्यांना उलट जास्त जागा सोडावी लागते.

मला खरी धास्ती वाऱ्याची. वळवाचं वादळ बहुधा दुपार कलल्यावर येतं, नेमकं पॅनेल पश्चिमेला उभं झालेलं असताना. ताशी १०० किलोमीटरचा झोत समोरून आला तर अडीच चौरस मीटरच्या एका पॅनेलवर सव्वाशे किलोच्या आसपास जोर पडतो. म्हणून वारा वाढताच पॅनेल आपोआप आडवं होईल अशी सोय नसेल, तर गच्चीवर फिरतं पॅनेल बसवूच नका. खाली लोकांची पोरं खेळतात.

मधला मार्ग मला फार आवडतो. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य ४५ अंशांवरच असतो, मे अखेरच्या नवतपात थेट डोक्यावर. स्ट्रक्चरच्या पायांना दोन-तीन भोकं पाडून घ्या. दिवाळीनंतर पॅनेल उभट करा, होळीनंतर जवळजवळ आडवं. चार-दोन टक्के वाढतात, खर्च नटबोल्टचा.

काटोल-कळमेश्वरकडे संत्र्याच्या बागेत सोलर पंप असेल, तर मात्र फिरतंच बसवा. तिथे पंप थेट उन्हावर चालतो, सकाळी लवकर पाणी ओढू लागतो आणि खांब जमिनीत काँक्रीटमध्ये पक्का रोवता येतो. मोटारही नको, दिवसातून तीनदा हाताने वळवलं तरी पुरतं. मोटार लावलीच तर ती बिघडल्यावर पॅनेल हाताने सोडवता येईल असा खटका ठेवा. माझं एकदा पश्चिमेला तोंड करून अडकलं आणि दुरुस्ती होईपर्यंत रोज सकाळचं ऊन त्याच्या पाठीवर पडत राहिलं.