घरात संडास की सामुदायिक शौचालय? आधी मलवाहिनी बघा

मुंबईतली गोवंडी-मानखुर्दची भरणीवरची सखल वस्ती आणि भांडुपच्या डोंगरावरची वस्ती, दोन्हींना एकच उत्तर लागू पडत नाही. मैला शेवटी जाणार कुठे, यावर सगळं ठरतं. म्हणून वस्तीच्या मंडळाने आधी पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात विचारावं: जवळची मलवाहिनी (मैला वाहून नेणारी जमिनीखालची वाहिनी) किती लांब आहे आणि किती खोल?

वाहिनी आवाक्यात असेल तर घरचा संडासच बरा. रात्री बायका-मुलींना बोळ ओलांडायला नको, म्हाताऱ्या-आजारी माणसांना रांगेत ताटकळायला नको. तीन बाय तीन फूट जागा पुरते. पाइप 4 इंची, उतार दर 10 फुटांना 3 इंच, प्रत्येक वळणावर चेंबर, म्हणजे झाकण उघडून लाइन साफ करता येईल असा हौद. उतार कमी पडला की पाणी पुढे जातं, मैला मागे राहतो आणि लाइन तुंबते. चेंबर नसेल तर लादी फोडण्यावाचून इलाज नाही. पाणी तासभरच येत असेल तर तीव्र उताराचं, 20 मिमी वॉटर सीलचं (वास अडवायला भांड्याच्या वळणात साचून राहणारं पाणी) भांडं बसवा. त्याला एका वेळी दीड-दोन लिटर पाणी पुरतं.

पाइप पावसाळी गटारात मात्र कधीही सोडू नका. वस्त्यांमध्ये नळाचे पाइप बऱ्याचदा त्याच गटारातून गेलेले असतात. पाणी बंद झालं की पाइपातला दाब जातो आणि फटीतून घाण आत ओढली जाते. कावीळ, जुलाब तिथूनच येतात.

वाहिनी नसेल किंवा घरात जागाच नसेल तर सामुदायिक शौचालय. मग आधी सीट मोजा. स्वच्छ भारत अभियानाचा निकष 35 पुरुषांमागे 1 आणि 25 स्त्रियांमागे 1 सीट असा आहे. 300 घरं, घरटी 5 माणसं, निम्म्या स्त्रिया धरल्या तर 52 सीट होतात. बारा-पंधरा सीटवर भागवलं तर सकाळी मुलं उघड्यावरच बसणार.

सामुदायिक शौचालयातही वाहिनीची जोडणी आणि सेप्टिक टाकी (मैला जागेवरच साठवणारी टाकी) यांत मोठा फरक आहे. सखल जमिनीत भूजल वर असतं, टाकीतलं पाणी जमिनीत मुरवणारा शोषखड्डा पाणी पीत नाही, टाकी नाल्यात वाहते. एक तृतीयांश गाळ साचला की उपसा हवा, म्हणजे साधारण दोन-तीन वर्षांनी. सक्शन गाडीचा पाइप टाकीपर्यंत पोचतो का, ते बांधण्याआधीच मोजून घ्या. टाकीतला वायू बाहेर सोडणारा व्हेंट पाइप छताच्या वर न्या. उपशासाठी टाकीत माणूस उतरवू नका: आतला वायू क्षणात जीव घेतो, आणि हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणाऱ्या 2013च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवणं हा गुन्हा आहे.

उपशाचा खर्च शौचालय वापरणाऱ्यांच्या मासिक पासातून निघणार की पालिका देणार, हे पालिकेशी होणाऱ्या करारातच लिहून घ्या.