मीटिंग रूममध्ये वायरलेस स्क्रीन: कोणतं यंत्र घ्यायचं आणि ते लपवायचं कुठे?

फोंड्यातल्या एका सहकारी पतसंस्थेने बैठकीची खोली नव्याने करायला घेतली, तेव्हा संचालक मंडळाची मागणी सरळ होती. भिंतीवर टीव्ही दिसावा, बाकी काही दिसू नये. डबी नको, लोंबणारी वायर नको, आणि ज्याला काही दाखवायचं आहे त्याने बसल्या जागेवरून लॅपटॉप किंवा फोन टीव्हीवर आणावा. फोंडा, पणजी, वेर्णा या पट्ट्यात मी अशा खोल्यांची कामं करतो, आणि आता जवळजवळ प्रत्येक ठिकाणी हीच मागणी असते. ती रास्तही आहे. फक्त त्यात दोन निर्णय दडलेले असतात: यंत्र कोणतं, आणि ते ठेवायचं कुठे. पहिल्यावर महिनाभर चर्चा होते, दुसरा सुतारावर सोडला जातो. मला नंतर जे फोन येतात ते बहुतेक दुसऱ्यापायी.

यंत्राकडे वळण्याआधी खोलीत कोण बसतं ते मोजा. त्या पतसंस्थेत व्यवस्थापक आणि हिशेबनीस विंडोजवर, अध्यक्षांकडे आयपॅड, संचालकांपैकी बहुतेकांकडे अँड्रॉइड फोन, आणि वर्षातून काही दिवस येणारे लेखापरीक्षक स्वतःच्या लॅपटॉपसह. हे चित्र गोव्यातल्या बहुतेक लहान कार्यालयांना लागू पडतं. या सगळ्यांना सारखाच न्याय देणारं स्वस्त यंत्र नाही, हे आधीच मान्य केलेलं बरं.

सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे मिराकास्ट. वायरविना स्क्रीन टीव्हीवर पाठवण्याचं हे मानक वाय-फाय अलायन्सने २०१२ मध्ये आणलं. टीव्हीच्या एचडीएमआयमध्ये बोटभर लांबीचा अडॅप्टर लावायचा, विंडोज लॅपटॉपवर विंडोजचं बटण आणि के एकत्र दाबायचं, यादीतलं नाव निवडायचं. लॅपटॉप आणि अडॅप्टर थेट एकमेकांशी बोलतात, त्यामुळे मधे राउटर लागत नाही, इंटरनेटही लागत नाही. पावसाळ्यात फायबर तुटून दोन दिवस नेट गेलं तरी बैठक चालते, हे मला या मार्गाचं सर्वांत मोठं बळ वाटतं. उणीवही तेवढीच ठळक आहे. आयफोन, आयपॅड, मॅक यांना मिराकास्ट येत नाही. अँड्रॉइडमध्ये सॅमसंगचे फोन स्मार्ट व्ह्यूमधून जोडले जातात, गूगलचे पिक्सेल फोन जोडले जात नाहीत. मोठ्या कंपन्यांच्या लॅपटॉपवर त्यांच्या आयटी विभागाने अशी थेट जोडणी बंद केलेली असते, तेव्हा बाहेरून आलेल्या माणसाचं अडतं.

दुसरा मार्ग गूगल कास्ट. २०१३ साली त्यावर चालणारं क्रोमकास्ट हे गूगलचं यंत्र आलं आणि घरोघरी पोचलं, म्हणून लोक आपणहून तेच मागतात. क्रोम ब्राउझरमधून पूर्ण स्क्रीन किंवा नुसता एक टॅब टीव्हीवर पाठवता येतो, आणि ही टॅबची सोय मला फार मोलाची वाटते. थकबाकीदारांची यादी टॅबमध्ये उघडून दाखवली, तर त्याच वेळी लॅपटॉपवर आलेला घरचा व्हॉट्सअ‍ॅप संदेश अकरा माणसांसमोर झळकत नाही. पण कार्यालयात कास्टचं घोडं वेगळ्याच जागी अडतं. पाठवणारा आणि घेणारा एकाच नेटवर्कवर हवेत. पाहुण्यांसाठी वेगळं वाय-फाय ठेवलं असेल, तर त्यावरची उपकरणं एकमेकांना दिसू नयेत अशी मांडणी बहुधा असतेच, आणि ती असायलाच हवी. मग लेखापरीक्षकांना टीव्ही दिसत नाही, कुणीतरी उत्साहाने त्यांना कार्यालयाचा पासवर्ड सांगतं, आणि ज्या नेटवर्कवर ठेवी-कर्जांचं सॉफ्टवेअर चालतं त्यावर बाहेरचा लॅपटॉप येऊन बसतो. पतसंस्थेत, दवाखान्यात, वकिलाच्या कार्यालयात हे होता कामा नये. कास्टच घ्यायचं असेल, तर त्या खोलीसाठी वेगळा राउटर धरूनच खर्च मांडा.

आणखी एक गोष्ट. गूगलने ऑगस्ट २०२४ मध्ये क्रोमकास्टचं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं आणि त्याजागी गूगल टीव्ही स्ट्रीमर आणला. मार्च २०२५ मध्ये दुसऱ्या पिढीची क्रोमकास्टं एकाएकी चालेनाशी झाली होती. आतल्या प्रमाणपत्राची मुदत संपली होती, दुरुस्ती यायला काही दिवस गेले. भिंतीत गाडलेल्या यंत्राच्या बाबतीत असे काही दिवस फार लांब वाटतात. दुकानात पडून असलेला जुना क्रोमकास्ट सवलतीत मिळतोय म्हणून नव्या खोलीसाठी घेऊ नका.

अ‍ॅपल टीव्ही हा तिसरा मार्ग, आणि लपवण्याच्या दृष्टीने सर्वांत गुणी. २०२२ साली आलेलं ४के मॉडेल ९३ मिलिमीटर चौरस आणि ३१ मिलिमीटर उंच आहे, आत पंखा नाही, पॉवर सप्लाय आतच असल्यामुळे वेगळा ठोकळा अडॅप्टर लपवावा लागत नाही. रिमोट ब्लूटूथवर चालतो, म्हणून यंत्र नजरेसमोर असण्याची गरज नाही. आपल्याकडे पुष्कळांना ते आखातातल्या किंवा लंडनच्या नातेवाइकांकडून येतं. प्लगची पिन वेगळी असली तरी घाबरू नका, मागची दोन भोकांची साधी केबल बदलली की झालं. त्यात बैठकीच्या खोलीसाठी खास व्यवस्था आहे: कुणी जोडलेलं नसताना कसं जोडायचं याच्या सूचना ते स्वतःच टीव्हीवर दाखवत राहतं, आणि जोडताना पडद्यावर आलेला आकडा विचारतं. आयपॅड त्याच नेटवर्कवर नसला तरी शेजारून थेट जोडला जातो. भारतात आलं तेव्हा किंमत १४,९०० आणि १६,९०० रुपये होती. घ्यायचं तर महागातलं, कारण लॅनचं, म्हणजे नेटवर्कची वायर लावायचं, भोक त्याच मॉडेलला आहे. अडचण उघड आहे: अ‍ॅपलची स्क्रीन पाठवण्याची पद्धत म्हणजे एअरप्ले, आणि विंडोजमध्ये ती नाही. वेगळं सॉफ्टवेअर टाकून जुळवता येतं, पण दर बैठकीला नव्या माणसाच्या लॅपटॉपवर ते कोण टाकत बसणार?

चौथा मार्ग म्हणजे बार्कोच्या क्लिकशेअरसारखी कार्यालयासाठीच केलेली यंत्रणा. लॅपटॉपच्या यूएसबीमध्ये एक बटण लावायचं, दाबलं की स्क्रीन टीव्हीवर. त्यांच्या सीएक्स मालिकेत एअरप्ले, गूगल कास्ट आणि मिराकास्ट तिन्ही चालतात, म्हणजे वर मांडलेला सगळा गुंता एकाच डब्यात सुटतो. किंमत मात्र आधीच्या तिन्हींच्या कितीतरी पट. रोज तीन-चार बैठका आणि सतत नवे पाहुणे असलेल्या वेर्ण्याच्या कारखान्यात मी हेच सुचवतो. महिन्यातून दोन बैठका घेणाऱ्या संस्थेला सुचवताना माझी जीभ रेटत नाही.

हे सगळं वाचून झाल्यावर आधी तुमचा टीव्हीच तपासा. सॅमसंग आणि एलजीच्या अलीकडच्या अनेक टीव्हींत एअरप्ले आणि मिराकास्ट दोन्ही आतच असतात, गूगल टीव्ही असेल तर कास्ट असतं. मग लपवायला काही उरतच नाही.

आता जागेकडे येतो.

फॉल्स सीलिंगमध्ये यंत्र ठेवायचा मोह सगळ्यांना होतो. एका कामात मीही ठेवलं होतं. जून सरला आणि टीव्हीवर चित्र मधूनमधून जायला लागलं. जुलैत शिडी लावून जिप्समचा चौकोन काढला, तेव्हा एचडीएमआयच्या तोंडावर हिरवट थर धरला होता, अडॅप्टरवर मुंग्यांनी माती आणून ठेवली होती, आणि बाजूच्या वायरीच्या वेष्टणावर उंदराचे दात होते. वर मंगळुरी कौलं, त्यातून येणारी ओल, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरातला पाऊस. ती चूक माझी होती, यंत्र मी बदलून दिलं. त्यानंतर स्लॅब नसलेल्या इमारतीत मी छतात काहीही ठेवत नाही. स्लॅब असेल आणि प्रोजेक्टर छतालाच असेल, तर हात सहज जाईल असं उघडणारं झाकण ठेवून करतो.

टीव्हीच्या मागे ठेवणं बहुतेकांना पुरतं, पण टीव्हीच्या पाठीत बहुधा धातूचा पत्रा असतो. अडॅप्टर मधोमध चिकटवला तर सिग्नल त्या पाठीने अडतो, आणि खोलीतल्या माणसालाच यंत्र सापडेनासं होतं. वीतभर लांबीचा एचडीएमआय जोड घेऊन अडॅप्टर टीव्हीच्या कडेपाशी आणायचा, समोरून दिसणार नाही एवढाच आत. भिंत चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, असेल तर हे आणखी महत्त्वाचं. जुन्या घरांतल्या चिऱ्याच्या जाड भिंतीतून ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय जेमतेम पार होतं, म्हणून राउटर पलीकडच्या खोलीत ठेवून इथे काम होईल ही आशा धरू नका. त्या भिंतीत कोनाडा करून यंत्र आत बसवायचं आणि वर लाकडी फळी ठोकायची, हे सुतारांचं आवडतं काम. फळीला वर आणि खाली जाळी ठेवायला सांगा. अ‍ॅपल टीव्हीसाठी कंपनीने सांगितलेली कमाल मर्यादा ३५ अंशांची आहे. मे महिन्यात एसी बंद असलेल्या खोलीत, टीव्हीच्या मागे, बंद कोनाड्यात ती ओलांडायला वेळ लागत नाही.

बाजूच्या कपाटात यंत्र ठेवून भिंतीतून एचडीएमआय नेणं मला सर्वांत आवडतं. दार उघडलं की यंत्र हाताशी, दार लाकडी असल्याने सिग्नललाही फारसा त्रास नाही. फक्त गिलावा होण्याआधी पाइप किती मोठा टाकला ते स्वतः बघा. विजेच्या कामाचा नेहमीचा २५ मिलिमीटरचा पाइप टाकला की एचडीएमआयचं तोंड पहिल्याच वळणावर अडतं. ४० मिलिमीटरचा टाका, काटकोनाऐवजी मोठी वळणं घ्या, आणि आत एक नायलॉनची दोरी सोडून ठेवा. पाच वर्षांनी केबल बदलायची झाली तर त्याच दोरीने नवी ओढता येते.

विजेचं एक सांगतो, कारण निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. टीव्हीच्या यूएसबीमधून यंत्राला वीज देऊ नका. यूएसबी २.० चं भोक साधारण अर्धा अँपिअर देतं, बऱ्याच यंत्रांना ते कमी पडतं आणि ती ऐन चर्चेत पुन्हा सुरू होतात. शिवाय टीव्ही बंद केला की यंत्रही बंद, म्हणजे प्रत्येक बैठकीची सुरुवात वाट पाहण्यात. स्वतंत्र पॉइंट द्या, त्याचा स्विच दाराजवळच्या बोर्डावर आणा. यंत्र अडकलं की शिपाईसुद्धा दहा सेकंद स्विच बंद ठेवून चालू करू शकतो. पॉइंट इन्व्हर्टरवर घ्या आणि स्पाइक गार्ड लावा. पावसाळ्याच्या तोंडावरच्या विजांनी इथे बरीच यंत्रं नेली आहेत.

पणजीतल्या पाटोसारख्या ठिकाणी एकाच इमारतीत दहा कार्यालयं असतात. तिथे यंत्राचं कंपनीने दिलेलं नाव तसंच ठेवलं, तर शेजारचा माणूस चुकून तुमच्या टीव्हीवर येतो. खोलीचं नाव द्या, जोडताना आकडा विचारणारी पिन चालू ठेवा. आणि यंत्र दिसत नसलं तरी ते खोलीत आहे हे सगळ्यांना कळलं पाहिजे, म्हणून टेबलावर जोडण्याच्या तीन ओळींची एक लॅमिनेट केलेली चिठ्ठी असू द्या.

फोंड्याच्या पतसंस्थेत शेवटी दोन यंत्रं लागली: अध्यक्षांसाठी आणि आयफोनवाल्यांसाठी अ‍ॅपल टीव्ही, विंडोजसाठी मिराकास्टचा अडॅप्टर, दोन्ही टीव्हीच्या वेगळ्या भोकांत. अ‍ॅपल टीव्ही कपाटात, अडॅप्टर टीव्हीच्या डाव्या कडेला. दोन्ही मिळून खर्च क्लिकशेअरच्या पासंगालाही पुरला नाही. एका गोष्टीवर मात्र मी अडून बसलो. टेबलाच्या मधोमध, पितळी झाकणाखाली, एक साधी एचडीएमआय केबल ठेवायला लावली. अध्यक्ष म्हणाले, "अरे, वायर नको म्हणून तर हे सगळं केलं ना?" मी म्हटलं, "झाकण लावल्यावर दिसणार नाही, सायबांनू. राहू द्या." चवथीनंतरच्या, म्हणजे गणेश चतुर्थीनंतरच्या, लेखापरीक्षणात परीक्षकांच्या लॅपटॉपवर थेट जोडणी बंद निघाली, आणि ते झाकण उघडलं गेलं.