‘काश्मिरी अक्रोड’ म्हणून गळ्यात मारलेला रायफलचा दस्ता

१६,९५० रुपये गेले. दस्ता १४,५००, ‘इंपोर्टेड’ तेल १,८५०, आणि माल जम्मूहून येतो म्हणून कुरियरचे ६००. पोराच्या एअर रायफलचा जुना दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा लाकडी भाग, चिरला होता. पुण्यात बालेवाडीच्या शूटिंग रेंजवर एकाकडे अक्रोडाचा बघितला, म्हटलं तसाच आणू, घरी घासून तेल मुरवू. इन्स्टावरचा विकणारा मराठीच, बोलायला गोड.

व्हिडिओ कॉलवर मी म्हटलं, “दस्त्याच्या मागच्या टोकाची पट्टी, बट प्लेट, काढून दाखवा की.” दोन स्क्रूंचं काम. तर म्हणे, “नको साहेब, फिनिश खराब होईल.” तिथंच! तिथंच फोन आपटायला हवा होता. प्लेटखाली सहसा कोणी पॉलिश करत बसत नाही, लाकडाचा खरा रंग तिथंच कळतो. पण रेषा अक्रोडासारख्या, माणूस ठाम. कोण वाद घालतं? तुम्हीही घातला नसता.

१२० नंबरचा पॉलिशपेपर फिरवला तर पेपर तपकिरी आणि लाकूड पांढरट पिवळं. अक्रोडाचा गाभा आतपर्यंत तपकिरी असतो हो! फोन केला, तर “ते सॅपवुड आहे, सालीकडचं फिकट लाकूड, तेलानं खुलेल.” अख्खा दस्ता सॅपवुड? टिंबर मार्केटमधल्या सुतारानं रंध्याचा एक हात मारला आणि म्हणाला, “आंबा.” त्यानंतर विकणाऱ्यानं मला ब्लॉक केलं. तेलही साधं कच्चं जवस, अजून हाताला चिकटतंय. बोहरी आळीत डबल बॉइल्ड, म्हणजे लवकर सुकणारं जवस तेल मागा, आणि तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकू नका, आपोआप पेटतात.

चौकीत ‘रायफल’ म्हणायचा अवकाश, साहेब म्हणाले, “लायसन्स दाखवा.” लुबाडला गेलो मी आणि उलटतपासणीही माझीच! .१७७ इंच बोअरच्या (नळीचा आतला व्यास) आणि २० ज्यूलच्या आतल्या ताकदीच्या एअर रायफलला लायसन्स लागत नाही, हे २०१६ च्या शस्त्र नियमांत आहे, ते मी त्यांना समजावतोय. मग “हे सायबरचं.” सायबरवाले म्हणतात, “वस्तू मिळाली ना? मग हा दिवाणी मामला.” बँक म्हणते, “क्यूआर तुम्हीच स्कॅन केलात.” अर्ज लिहून घ्या म्हटलं तर साहेब जेवायला गेलेत. अहो, कर भरतो आम्ही!

पैसे गेले की तासाभरात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, चौकीची वाट बघू नका. पक्कं बिल नसेल तर माल नको. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, पण समोरच्याचा पत्ता लागतो. माझ्या ‘जम्मू’च्या पार्सलवर पत्ता हडपसरचा होता. जाऊन आलो, तिथं पंक्चरचं दुकान आहे.