६१,४०० ‘व्हिजिटर्स’ आणि ३७ ऑर्डरी

देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. दलाल टाळून पेट्या थेट गिऱ्हाइकाला पाठवायच्या म्हणून २०२४ च्या हंगामाआधी आम्ही वेबसाइट केली आणि पुण्यातल्या एका एजन्सीकडे चालवायला दिली. महिना १२,००० रुपये, आणि महिन्याला २५,००० ‘व्हिजिटर्स’ ओलांडले की वर ५,००० बोनस. व्हिजिटर कोणाला म्हणायचं हे करारात कुठेच नव्हतं. आम्हीही विचारलं नाही.

एप्रिलचा रिपोर्ट आला, ६१,४०० व्हिजिटर्स. ऑर्डरी ३७. फोन केला तर उत्तर मिळालं, “मॅडम, लोक भरपूर येतायत, तुमचा भाव जास्त वाटतोय त्यांना.” ते ऐकून सासऱ्यांनी पेटीमागे दोनशे रुपये कमी केले. बोनस गेला त्यापेक्षा मला हेच जास्त लागलं आहे. वर्षभर फवारण्या, राखण, काढणी सगळं करायचं आणि कुणाच्या तरी खोट्या आकड्यापायी आपल्याच मालाचा भाव आपणच पाडायचा!

मे महिन्यात पुतणी सुट्टीला आली. तिने लॅपटॉपवर आमची साइट उघडली, एफ-१२ दाबून नेटवर्कचा टॅब काढला आणि पान पुन्हा लोड केलं. ओळीमागून ओळी पडत गेल्या. मोहोराचा फोटो, पेटीचा फोटो, अक्षरांचा फॉन्ट, मेनूची फाइल. आकडा ५८ वर थांबला. “काकू, आपण पान एकदाच उघडलं. पण यातल्या बहुतेक फाइली साइट जिथे ठेवली आहे त्या आपल्याच सर्व्हरवरच्या आहेत, आणि तिथे प्रत्येकीची वेगळी नोंद पडली. अशा एका नोंदीला हिट म्हणतात.”

मग होस्टिंगच्या सीपॅनेलमध्ये, म्हणजे साइट सांभाळायच्या पानावर, जाऊन एडब्ल्यूस्टॅट्स हे भेटी मोजणारं साधन उघडलं. एप्रिलच्या ओळीत आकडे एकापुढे एक होते: युनिक व्हिजिटर्स (वेगवेगळी माणसं) ६४०, व्हिजिट्स (भेटी) ९१०, पेजेस (उघडलेली पानं) २,७००, हिट्स ६१,४००. एजन्सीच्या स्क्रीनशॉटमध्ये पहिले तीन रकाने कापलेले होते आणि हिट्सच्या जागी ‘व्हिजिटर्स’ असं टाइप केलेलं होतं.

आम्ही ठाम मागणी केल्यावर त्यांनी गूगल ॲनालिटिक्स, म्हणजे गूगलचं भेटी मोजायचं साधन, बघायला दिलं. तिथे एप्रिलचे युजर्स ४८०. आता ६४० खरे की ४८०, म्हणून मी पुन्हा धास्तावले. पण या फरकात लबाडी नाही, हे समजून घ्या. एडब्ल्यूस्टॅट्स सर्व्हरची नोंदवही वाचतं आणि माणूस आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून, ओळखतं. मोबाइल नेटवर्कवर अनेक जण एकाच पत्त्यामागे असतात, ते एकच धरले जातात. घरच्या वायफायवरून आणि मग बाहेरून साइट बघणारा एकटा माणूस दोन ठरतो. ओळखीचे बॉट, म्हणजे आपोआप साइट उघडणारे प्रोग्रॅम, ते बाजूला काढतं, पण साध्या ब्राउझरचं सोंग घेतलेले त्यात राहतात. गूगलचं मोजमाप पानातल्या जावास्क्रिप्टवर (पानासोबत चालणारा कोड) आणि ब्राउझरमधल्या कुकीवर (ओळख लक्षात ठेवणारी छोटी नोंद) चालतं. जाहिराती अडवणारा ॲडब्लॉकर लावलेला माणूस बहुधा त्याला दिसतच नाही, आणि फोन व लॅपटॉप दोन्हींवरून आलेला एकटा दोनदा मोजला जातो. शिवाय गूगलकडे अर्धा तास हालचाल नसली की भेट संपते, एडब्ल्यूस्टॅट्समध्ये तासाभराने. त्यामुळे दोघांचे आकडे जुळत नाहीत, पण दोन्ही शेकड्यांतच होते. साठ हजारांच्या जवळपाससुद्धा कोणी नव्हतं.

जाब विचारल्यावर जे झालं ते जास्त वाईट. पुढच्या दहा दिवसांत ॲनालिटिक्सचेच युजर्स ९,००० वर गेले. सगळे ‘डायरेक्ट’ (कुठून आले याची नोंद नसलेले), सगळे आम्ही पेट्या पाठवतच नाही अशा परदेशी शहरातून, बहुतेक रात्री दोन ते चार, आणि सरासरी एंगेजमेंट वेळ (साइट प्रत्यक्ष बघण्यात गेलेला वेळ) शून्य सेकंद. विकत घेतलेला बॉटचा ट्रॅफिक असाच दिसतो. फक्त युजर्सचा आकडा बघितला असता तर पुन्हा फसलो असतो.

काम बंद केलं तेव्हा कळलं की ॲनालिटिक्सची प्रॉपर्टी, म्हणजे आमच्या साइटचे आकडे साठतात तो कप्पा, त्यांच्याच अकाउंटमध्ये आहे. आमचा प्रवेश त्यांनी काढून टाकला, हंगामाची सगळी माहिती तिकडेच राहिली. बोनसचे ५,००० अजून परत आलेले नाहीत. तुमची साइट कोणी चालवत असेल तर आजच बघा, ॲनालिटिक्सच्या अकाउंटवर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून तुमचा ईमेल आहे की फक्त त्यांचा. आम्ही आता स्वतःच्या जीमेलवरून नवी प्रॉपर्टी काढली आहे, काम करणाऱ्याला फक्त एडिटरचा हक्क दिला आहे, आणि करारात बोनस पोचवलेल्या पेट्यांवर लिहून घेतला आहे.