ईओई आहे, मग दर वेळी एंडोस्कोपीच का? दोरा, स्पंज की नाकातून स्कोप

लेकाला ईओई, म्हणजे इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस (इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी अन्ननलिकेत साठून येणारी सूज), निघालं तेव्हा डॉक्टर म्हणाले की औषध किंवा पथ्य बदललं की ८ ते १२ आठवड्यांनी परत एंडोस्कोपी, आणि माझ्या पोटात गोळाच आला, कारण पथ्यात बंद केलेलं दूध, गहू, अंडं एकेक करून परत सुरू करायचं तर प्रत्येक पदार्थामागे एकदा भूल. आम्ही डेन्व्हरजवळ राहतो, दोरा गिळून करायची टेस्ट याच भागात विकसित झाली, म्हणून एंडोस्कोपीला पर्याय तरी समोर आले.

सगळ्यात आधी सांगते, त्रास कमी झाला म्हणजे सूज गेली असं अजिबात धरू नका. आमचा पोळीचा एवढासा तुकडा कितीतरी वेळ चावायचा, दर घासाला पाणी प्यायचा, आणि विचारलं तर "मला काही होत नाही". खरं काय ते बायोप्सीत दिसतं, मायक्रोस्कोपच्या एका हाय पॉवर फील्डमध्ये १५ किंवा जास्त इओसिनोफिल म्हणजे आजार चालू. रक्तातले इओसिनोफिल मोजणं स्वस्त आहे, पण ते दमा, सर्दीची ॲलर्जी, जंत कशानेही वाढतात, त्यावर औषध ठरवू नका.

दोरा: कॅप्सूलमध्ये गुंडाळलेला असतो, एक टोक गालाला चिकटवतात, कॅप्सूल पाण्याबरोबर गिळायची, तासाभराने दोरा ओढून काढायचा. इओसिनोफिलमधून सुटणारी आणि सुजेशी संबंधित प्रोटीन्स त्याला लागतात, ती मोजतात. अभ्यास ७ वर्षांपुढच्या मुलांवर आणि मोठ्यांवर झालाय. लेकाने तो तास कार्टून बघत काढला, काढताना शेवटी उमळलं, डोळ्यांत पाणी आलं, पण मिनिटभरात संपलं.

स्पंज: हाही कॅप्सूलमध्येच, पोटात कॅप्सूल विरघळली की साधारण ३ सेंटिमीटरचा गोळा फुलतो आणि वर ओढताना पेशी खरवडून आणतो. याचा फायदा म्हणजे इओसिनोफिल प्रत्यक्ष मोजता येतात. पण घसा खवखवतो, आणि अन्ननलिका अरुंद झालेली असेल तर नकोच. मोठ्या माणसाने विचार करावा, लहान मुलासाठी मी तरी घेणार नाही.

नाकातून स्कोप, म्हणजे कॅमेऱ्याची बारीक नळी, मला सगळ्यात पटला. तसा हाही आत जाणाराच प्रकार, पण भूल नाही, नाकात बधिर करायचं औषध, डोळ्यांवर व्हिडिओचा गॉगल, आणि डॉक्टरांना अन्ननलिकेतल्या कड्या, उभ्या चिरा, म्हणजे या आजाराच्या खुणा, डोळ्यांनी दिसतात, बायोप्सीही घेता येते, तुकडे लहान असले तरी निदानाला पुरतात. मूल घाबरट असेल किंवा नाक सतत चोंदलेलं असेल तर मात्र अवघड जातं.

पण दोरा काय आणि स्पंज काय, अन्ननलिका किती अरुंद झालीय हे सांगत नाहीत. घास अडकतोय, मटणाचा तुकडा खाली जातच नाही असं होत असेल तर या पर्यायांत वेळ घालवू नका, नीट एंडोस्कोपीच करा, अन्ननलिका रुंद करायची वेळ आली तर तेही त्यातच होतं. पहिलं निदानसुद्धा बायोप्सीवरच व्हायला हवं. पथ्याचे पदार्थ एकेक करून तपासायचे असतील तर मात्र दोरा किंवा नाकातला स्कोप मिळतो का हे आधीच विचारून ठेवा, इन्शुरन्सलासुद्धा.

आमच्याकडे दूध दोषी निघालं. गहू पुढच्या महिन्यात सुरू करतोय, त्यानंतर परत दोरा, आणि त्यात काही वाढलेलं दिसलं तर नाकातून बायोप्सी घ्यायची असं डॉक्टरांशी ठरवलंय.